परिचारिकेचे पहिले वर्ष

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाची एक जुनी विद्यार्थिनी मला भेटायला आली. रेणापूरपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका खेड्यातली ही मुलगी. बारावीला कला शाखेत होती आणि माझ्या मराठीच्या तासाला पहिल्या बाकावर बसत असे. पुढे तिने परिचर्येचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला, नोंदणी केली आणि एका मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात तिला नोकरी लागली. तेव्हा तिचे वडील पेढे घेऊन आले होते. आता ती हातात अर्ज घेऊन उभी होती. बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत मिळावी यासाठी मंडळाकडे अर्ज करायचा होता आणि त्यावर महाविद्यालयाची शिफारस हवी होती. मूळ गुणपत्रिका कुठे आहे, असे विचारल्यावर मान खाली घालून म्हणाली, "दवाखान्यात आहे, सर. देईनात." सातव्या महिन्यात तिने नोकरी सोडली होती. दोन वर्षांचे बंधपत्र मोडले म्हणून तिची सारी मूळ कागदपत्रे तिथेच अडकून पडली होती. दुय्यम प्रतीसाठी मूळ प्रत हरवल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. "हरवली असं लिहू का, सर?" असा तिचा प्रश्न होता.

मी तिला बसवले, चहा मागवला आणि नोकरी का सोडलीस ते विचारले. पगार कमी होता हे तिने शेवटी सांगितले. आधी सांगितली ती एका रात्रीची गोष्ट. रुजू होऊन तिसरा आठवडा होता. रात्रपाळीला तिच्यासोबत एक मावशी होत्या आणि कक्षात तीसच्या वर रुग्ण. पहाटे तीनच्या सुमारास एका म्हाताऱ्या बाबांचा श्वास अडकू लागला. हिने डॉक्टरांना फोन लावला. औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. डॉक्टर येईपर्यंत बाबा गेले. नातेवाइकांनी सारा राग तिच्यावर काढला. सकाळी वरिष्ठ आल्या, त्यांनी पहिल्यांदा नोंदवही मागितली आणि नोंदी अपुऱ्या आहेत म्हणून तिला सर्वांसमोर बोलल्या. "सर, एकीनंसुद्धा विचारलं नाही, की पोरी तू काही खाल्लंस का," एवढे बोलून ती गप्प झाली.

मी वैद्यकशास्त्राचा माणूस नव्हे. भाषा आणि साहित्य शिकवणारा मास्तर. परंतु ती गेल्यावर मला एक प्रश्न सतावू लागला. आपल्याकडे मुलींनी परिचर्येच्या क्षेत्रात यावे यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे किती खटपट झाली, हे आपण वाचलेले असते. आलेल्या मुलींनी तिथे टिकावे यासाठी कुणी काय केले, ते मात्र क्वचितच वाचनात येते. हा लेख म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाच्या मागे लागून केलेली जुळवाजुळव आहे.

१

आरंभ शब्दांपासून करावा, ही आमच्या विषयाची खोड. 'परिचारिका' म्हणजे भोवती वावरणारी. 'शुश्रूषा' हा शब्द त्याहून बोलका आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. ऐकण्याची इच्छा असणे, त्यातून आज्ञा पाळणे, त्यातून सेवा करणे, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. रुग्णाचे कण्हणे ऐकू येणारे माणूस त्याच्याजवळ असणे, ही कल्पना मुळात त्या शब्दात आहे. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने उपस्थाता, म्हणजे रुग्णाजवळ थांबणारा, हा स्वतंत्र पाद मानला आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी माया आणि शुचिता हे त्याचे चार गुण सांगितले आहेत. इतक्या जुन्या ग्रंथात ज्याला चतुर्थांश मान मिळाला, त्या कामाला पुढच्या समाजात हलके काम म्हणून का पाहिले गेले, हे निराळे सांगायला नको. परक्याचे मलमूत्र, रक्त आणि मृतदेह यांना स्पर्श करावा लागणे हे जातीच्या चौकटीत बसणारे नव्हते. परक्या पुरुषांच्या कक्षात स्त्रीने रात्र काढणे हे कुटुंबाच्या चौकटीत बसणारे नव्हते.

त्यामुळे आधुनिक परिचर्या आपल्याकडे आली ती बाहेरून. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा १८६० साली निघाली. मुंबईत जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ पासून होते, पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झाले, मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय १८८६ साली. या इमारतींत प्रारंभी युरोपीय परिचारिका आणि ख्रिस्ती भगिनी काम करीत. परिचर्येच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव येते. साल १८९१, ठिकाण मुंबई. नाव उघडच मराठी आहे. परंतु या बाई पुढे किती वर्षे काम करीत राहिल्या, त्यांना कोणी सांभाळून घेतले, त्या खचल्या की खंबीर झाल्या, याविषयी ती पुस्तके गप्प आहेत. त्यांची गोष्ट प्रवेशाच्या दिवशीच संपते. मला हे फार सूचक वाटते.

मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले आणि तीनच वर्षांत, १८९७ साली, परिचारिकांचे शिक्षणही सुरू केले. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी कोणत्याही शाळेतून परिचर्या शिकलेली नव्हती. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. मिरजेच्या शाळेत शिकवली जाणारी विद्या आणि सावित्रीबाईंची करुणा, या दोन्ही गोष्टी त्या वर्षी आपल्या भूमीवर होत्या. त्यांची गाठ घालून देण्याचे काम मात्र व्हायचे होते.

२

ते काम रमाबाई रानडे यांनी केले, असे मला वाटते. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिणाऱ्या रमाबाई मराठीच्या विद्यार्थ्याला परिचयाच्या असतात. न्यायमूर्तींच्या सहवासाचे चित्र रेखाटणारी लेखिका एवढीच ती ओळख राहते. परंतु १९०१ साली न्यायमूर्ती गेल्यानंतर, काही काळ एकांतात काढून बाहेर पडलेल्या रमाबाई तुरुंगातल्या स्त्रियांना भेटू लागल्या, रुग्णालयांत फळे, फुले आणि पुस्तके घेऊन जाऊ लागल्या. रुग्णालयाचा कक्ष त्यांनी असा आतून पाहिला होता. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. भारतसेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या सोबत होते. १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयाच्या सहकार्याने सेवासदनाच्या विद्यार्थिनींचे परिचर्येचे शिक्षण सुरू झाले. त्यांत तरुण विधवांचा भरणा होता.

रमाबाईंच्या चरित्रांत त्या काळातील एका वार्षिक समारंभाची हकीकत येते. परिचर्येच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विधवा मुली बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर येऊ लागल्या, तेव्हा सज्जात बसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. समारोपाच्या भाषणात रमाबाईंनी त्या विद्यार्थ्यांना खडसावले. सुशिक्षित म्हणवून घेणाऱ्या मुलांना या तरुण विधवांविषयी कणभर सहानुभूती वाटू नये, याबद्दल त्या संतापाने बोलल्या. सभा गप्प झाली.

या प्रसंगाकडे आपण सामाजिक सुधारणेची एक गोष्ट म्हणून पाहतो. मी ती आता निराळ्या नजरेने वाचतो. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या, वयाने लहान, समाजात कुठलाही आधार नसलेल्या मुलींची भर सभेत थट्टा झाली, आणि त्यांची संस्थाप्रमुख त्याच सभेत, त्याच क्षणी, त्यांच्या बाजूने उभी राहिली. माझ्या विद्यार्थिनीच्या त्या सकाळी नेमके हेच घडले नाही. वरिष्ठ बाईंनी आधी नातेवाइकांना थोपवले असते आणि नोंदवही नंतर मागितली असती, तर ती मुलगी कदाचित आजही तिथे असती.

रमाबाईंनी दुसरी एक गोष्ट केली, तिचे मोल माझ्या मते भाषणाहून जास्त. ससूनमध्ये शिकणाऱ्या मुलींसाठी सेवासदनाने वसतिगृह चालवले. पाळी संपवून आलेल्या मुलीला जिथे तिच्यासारख्याच दहाजणी भेटतील अशी ती जागा. ज्यांच्याकडे बोलता येईल अशा बायका, वेळेवर जेवण, आणि बाहेरच्या जगाला उत्तर देणारी एक वडीलधारी. आपल्याकडे नव्या सुनेला पहिल्या वर्षी पंचमीला माहेरी आणतात. ही रीत घालणाऱ्यांना ठाऊक होते, की परक्या घरात रुजताना अधूनमधून आपल्या माणसांत बसून रडता आले पाहिजे. सेवासदनाचे वसतिगृह हे त्या परिचारिकांचे माहेर होते.

ही उपमा फार ताणू नये, हेही सांगितले पाहिजे. 'रुग्णालय म्हणजे एक कुटुंब' असे म्हणणाऱ्यांनी पुष्कळदा पगार आणि रजा यांचे प्रश्न त्या कुटुंबाच्या पदराखाली झाकले आहेत. सेवा हे व्रत आहे म्हणून मोबदला मागू नये, असा त्याचा अर्थ लावला जातो. रमाबाईंचा हिशेब असा नव्हता. विधवेला स्वतःच्या कमाईवर उभे राहता यावे हाच त्या शिक्षणाचा हेतू होता. मायेने वागवणे आणि पुरता मोबदला देणे, या दोहोंची त्यांनी फारकत केली नाही.

३

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. साऱ्या हिंदुस्थानात तेव्हा सुमारे ७,००० परिचारिका असल्याचा अंदाज त्यात आहे, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. समितीने एवढ्यावर न थांबता परिचारिकांच्या राहण्याची आणि कामाची स्थिती किती वाईट आहे तेही नोंदवले. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पुढे १९५४ साली परिचारिकांच्या सेवाशर्तींसाठी शेट्टी समिती नेमली गेली, आणि १९८७ साली सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती. निवास, कामाचे तास, पदोन्नती, मनुष्यबळ हे विषय प्रत्येक वेळी पुन्हा आले. तेच विषय चाळीस वर्षांनी पुन्हा लिहावे लागतात, तेव्हा मधल्या काळात काय झाले असेल हे वाचकांनी ओळखावे.

महाराष्ट्राच्या सरकारी भाषेने मात्र या काळात चांगले शब्द घडवले. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. मुली त्यांना स्टाफ नर्स, इन्चार्ज आणि मेट्रन म्हणतात, ते असो. या तीन पायऱ्यांत परिसेविका ही मधली पायरी फार महत्त्वाची आहे. कक्ष तिच्या हातात असतो. नव्या मुलीला रात्री एकटी टाकायचे, की पहिले काही आठवडे जुन्या परिचारिकेच्या जोडीला द्यायचे, हे पुष्कळ अंशी तीच ठरवते.

आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा एक तालुका. आरोग्याच्या सोयी इथे उशिरा आल्या. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ चे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ चे. लातूर जिल्हा १९८२ साली झाला, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली, आणि लातूरचे शासकीय महाविद्यालय तर २००२ साली. रेणापूरचा माणूस आजारी पडला की एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला अंबाजोगाई, असा आमचा भूगोल आहे. माझ्या लहानपणी 'सिस्टर' म्हणजे केरळची, मल्याळी वळणाचे मराठी बोलणारी बाई, अशीच समजूत होती. घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर आलेल्या त्या बायका एकमेकींना धरून राहत. जुनी सिस्टर नव्या सिस्टरला आपल्या खोलीत जागा देई, पहिला पगार होईपर्यंत जेवू घाली. त्या इथे टिकल्या त्याचे कारण कोणत्याही बंधपत्रात नव्हते. ते त्यांच्या खोलीतल्या एका चुलीत होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. रेणापुरात घरे हलली, आम्ही अंगणात पळालो. दिवस उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या. औसा आणि उमरगा तालुक्यांतून ट्रकांनी, जीपगाड्यांनी जखमी लातूरला आणि सोलापूरला जात होते. मृतांची संख्या आठ हजारांच्या वर गेली. आमचे एक नातेवाईक तेव्हा लातूरच्या दवाखान्यात दाखल होते. त्यांनी पुढे कित्येक वर्षे एकच दृश्य सांगितले. परीक्षेचा निकालही न लागलेल्या शिकाऊ मुली जखमींच्या डोळ्यांतली, तोंडांतली माती ओल्या कापसाने काढत होत्या, आणि एक वयस्क सिस्टर त्यांच्यामागे फिरत एकेकीच्या पाठीवर हात ठेवून पुढच्या खाटेकडे पाठवत होती. त्या पाठीवरच्या हाताचा उल्लेख ते न चुकता करीत.

४

परिचारिकेला सांभाळण्याची गोष्ट निघाली की अरुणा शानभाग यांचे नाव घ्यावेच लागते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात, पाळी संपवून तळघरात कपडे बदलत असताना, त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने या तरुण परिचारिकेवर अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या चौथ्या क्रमांकाच्या कक्षालगत पडून होत्या. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला, त्यांत अरुणावरील उपचारांसोबत स्वतःच्या कामाच्या स्थितीविषयीच्या मागण्याही होत्या. कपडे बदलण्यासाठी सुरक्षित जागा असावी, ही मागणी करण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागावी, हे लिहितानाही हात थांबतो.

पुढची चार दशके के.ई.एम.च्या परिचारिकांनी अरुणाला सांभाळले. ज्यांनी तिला चालता-बोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या आणि तिच्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुली तिला अंघोळ घालू लागल्या. शिकाऊ मुलींच्या नव्या तुकडीला तिची ओळख करून दिली जात असे, ही आपल्यातलीच एक आहे असे सांगून. ७ मार्च २०११ रोजी दयामरणासंबंधी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला आणि तिच्याविषयी निर्णय करण्याच्या संदर्भात त्यांचे स्थान मान्य केले. आपल्यातल्या एकीला सोडायचे नाही, हा धडा नव्या मुलीला देण्याची याहून गंभीर रीत मला ठाऊक नाही. परंतु मनात येते, की अंथरुणाला खिळलेल्या सहकारिणीसाठी जे सामर्थ्य या व्यवसायाने दाखवले, त्याचा थोडा अंश चालत्या-बोलत्या, घाबरलेल्या, तिसऱ्या आठवड्यातल्या मुलीच्या वाट्याला का येत नाही?

५

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार अमेरिकेत मार्लीन क्रेमर या परिचर्येच्या अभ्यासक बाईंनी १९७४ साली केला. त्यांच्या ग्रंथाच्या नावाचाच अर्थ 'वास्तवाचा धक्का' असा आहे, आणि परिचारिका परिचर्या का सोडतात हा त्याचा विषय. शाळेत शिकवलेली परिचर्या आणि कक्षात करावी लागणारी परिचर्या यांत अंतर असते. शाळेत एका रुग्णाची नीट काळजी घ्यायला शिकवतात, कक्षात तीस रुग्णांचे काम वेळेत उरकायला सांगतात. सुरुवातीचे नवलाईचे दिवस सरले की धक्का बसतो. त्यातून काहीजणी सावरतात, काही कोरड्या होतात, काही निघून जातात. पुढे १९८४ साली पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या दाखवल्या. नवशिकी नियमाकडे पाहते, निष्णात परिचारिका रुग्णाकडे पाहून काहीतरी बिनसले आहे हे ओळखते. ही नजर पुस्तकातून येत नाही, जाणत्या परिचारिकेच्या शेजारी उभे राहून येते. म्हणून पुष्कळ देशांत नव्या परिचारिकेला पहिले काही महिने एक अनुभवी जोडीदारीण नेमून देतात, सुरुवातीला तिच्याकडे कमी रुग्ण सोपवतात, आणि ठरावीक दिवशी सर्व नव्या मुलींना एकत्र बसवून बोलते करतात. हे वाचताना मला सेवासदनाचे वसतिगृह आणि केरळच्या सिस्टरांची चूल आठवत राहिली. ज्या गोष्टी आपल्याकडच्या बायकांनी गरजेतून केल्या, त्यांना इतरत्र नियमाचे रूप मिळाले.

आपल्याकडे मुलींना राखण्यासाठी निराळा मार्ग पत्करला गेला. बंधपत्र आणि अडकवलेली कागदपत्रे. २०११ च्या सुमारास मुंबईसह देशातल्या अनेक शहरांत खासगी रुग्णालयांतील परिचारिका याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. त्या काळातच भारतीय परिचर्या परिषदेने बंधपत्राची पद्धत मान्य नसल्याचे कळवले. २०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने वेतनाच्या प्रश्नावर समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे, अशी शिफारस केली. शिफारस आणि पगारपत्रक यांच्यात किती अंतर असते, ते माझ्या विद्यार्थिनीने मला आकड्यात सांगितले.

सरकारी रुग्णालयांची कथा थोडी वेगळी. तिथे पगार बरा, परंतु जागा रिकाम्या राहतात आणि भरल्या तर कंत्राटी भरतात. परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. आपल्यापैकी ज्यांनी नात्यातल्या कुणासाठी सरकारी कक्षात रात्र काढली आहे, त्यांनी हा आकडा आठवणीशी ताडून पाहावा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली, तेव्हा कारवाई झालेल्यांत परिचारिका होत्या आणि कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवण्यात आली. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातील सरकारी परिचारिकांनी संप केला, त्याचे एक मुख्य कारण भरती बाहेरच्या कंपनीमार्फत कंत्राटाने करण्याला विरोध हे होते. आणि २०२३ च्या ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदांची चर्चा काही दिवस वर्तमानपत्रांत चालली. किल्लारीला त्याच दिवशी तीस वर्षे होत होती.

रिक्त पद हा शब्द आपण असा वापरतो जणू ती खुर्ची नेहमीच रिकामी होती. पुष्कळ वेळा त्या खुर्चीवर कुणी बसून गेलेले असते. २०२० च्या मे महिन्यात, करोनाच्या ऐन भरात, कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून तीनशेहून अधिक परिचारिका नोकऱ्या सोडून मणिपूर आदी आपापल्या राज्यांत परतल्या, तेव्हा देशाला धक्का बसला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाने जगात ५९ लाख परिचारिकांची उणीव असल्याचे सांगितले. ही उणीव केवळ नव्या शाळा काढून भरणार नाही. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत परिचर्येच्या शाळा पुष्कळ निघाल्या. आमच्या महाविद्यालयातून दरवर्षी मुली तिकडे जातात. भांड्याला तळाशी भोक असताना वरून पाणी ओतत राहण्याचा हा उद्योग दुष्काळी मुलखातल्या माणसाला तरी कळायला हवा.

६

आता त्या प्रतिज्ञापत्राविषयी. "हरवली असं लिहू नकोस," असे मी तिला सांगितले. जी वस्तू कुणी धरून ठेवली आहे ती हरवली असे लिहिणे म्हणजे त्यांच्या चुकीवर आपणच पांघरूण घालणे. तिच्या वडिलांच्या सहीने आम्ही रुग्णालयाला पत्र लिहिले, परिचर्या परिषदेच्या भूमिकेचा त्यात उल्लेख केला, पोच घेतली. दोन पत्रांना उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्रात आम्ही परिषदेकडे तक्रार करत असल्याचे कळवले, तेव्हा कागदपत्रे टपालाने आली.

कागदपत्रे परत आली, ती मुलगी मात्र पुन्हा रुग्णालयात गेली नाही. आज ती लातूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे मैदानावर धावते. तीन वर्षांच्या शिक्षणावर तिच्या वडिलांनी खर्च केला, एका रुग्णालयाने सात महिने तिचे हात वापरले, आणि शीर शोधून सलाईन लावू शकणारे ते हात आता गोळाफेकीचा सराव करतात. तिचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी तिला पुन्हा जा म्हणालो, तेव्हा तिने विचारले, "रात्री सोबत कोण असंल, सर?" मला उत्तर देता आले नाही.

परिचर्येच्या शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुली दर वर्षी माझ्याकडे वर्तणुकीच्या दाखल्यावर सही घेण्यासाठी येतात. त्यांच्या वर्तणुकीविषयी दाखला देताना मला आता संकोच वाटतो, कारण त्यांच्याशी कोण कसे वागणार आहे याचा दाखला त्यांना कुणीच देत नाही. सही करताना मी त्यांना एकच गोष्ट सांगतो. नोकरीची मुलाखत द्यायला गेलात की पगार विचाराच, परंतु त्यासोबत हेही विचारा, की पहिले तीन महिने रात्रपाळीला माझ्या जोडीला जुनी सिस्टर कोण असेल. तिचे नाव विचारा. ज्या रुग्णालयाला ते नाव सांगता येईल, तिथे जा.